जहाजांचं इंधन बदलतंय, मग आपल्या खाडीतल्या फेरीबोटींचं काय?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. मी बोटीवर सेकंड इंजिनियर आहे, सध्या सुट्टीवर दाभोळच्या बाजूला घरी आलोय. आपल्या दापोली-खेड-चिपळूण पट्ट्यात कोणाचा ना कोणाचा मुलगा, भाऊ, मामा जहाजावर असतोच. तरी जहाजात नेमकं जळतं काय आणि ते बदलायचं म्हणजे काय यावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा, लांबला तर सांभाळून घ्या.

मोठ्या जहाजाचं मेन इंजिन वर्षानुवर्षं हेवी फ्युएल ऑइलवर चालत आलंय. रिफायनरीत पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाशी जे उरतं ते हे. गार असताना डांबरासारखं घट्ट. आधी टाकीत वाफेच्या कॉइलने पातळ करायचं, मग प्युरिफायरमधून साधारण ९८ अंशांवर फिरवून पाणी आणि गाळ वेगळा करायचा, आणि इंजिनात जायच्या आधी परत १३०-१४० अंशांपर्यंत तापवायचं. प्युरिफायर रूममध्ये पाच मिनिटांत बॉयलरसूट भिजून अंगाला चिकटतो. प्युरिफायरचं फिरणारं भांडं (बोल) उघडलं की डिस्कच्या फटीफटीत काळा लगदा बसलेला असतो, तो एकेक डिस्क काढून खरवडायचा, आणि त्याचा वास दोनदा आंघोळ केली तरी केसातून जात नाही. २०२० पासून सल्फरची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्के झाली त्यामुळे बऱ्याच जहाजांनी हलकं तेल घेतलं, पण स्क्रबर (धुरातलं सल्फर धुऊन काढणारं यंत्र) बसवलेल्या जहाजांवर अजून हेच चालतं.

आता मुद्दा कार्बनचा. जगाच्या एकूण उत्सर्जनात जहाजांचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास आहे. आयएमओने (संयुक्त राष्ट्रांची जहाजांसाठीची संघटना) २०२३ मध्ये ठरवलं की २०५०च्या सुमाराला जहाजांचं उत्सर्जन नेट झिरोवर (निव्वळ शून्यावर) आणायचं, त्याआधी २००८च्या तुलनेत २०३० पर्यंत किमान २० टक्के आणि २०४० पर्यंत किमान ७० टक्के कमी. जहाजांच्या कार्बनवर शुल्क लावायचा मसुदा एप्रिल २०२५ मध्ये मंजूरही झाला होता पण ऑक्टोबरमध्ये तो कायम करायचं मतदान वर्षभर पुढे ढकललं गेलं. युरोप मात्र थांबलेला नाही, २०२४ पासून तिकडच्या बंदरात जाणाऱ्या मोठ्या जहाजांना कार्बनचे पैसे भरावे लागतात.

पर्याय म्हणून एलएनजी (खूप थंड करून द्रव केलेला नैसर्गिक गॅस), मिथेनॉल, अमोनिया, हायड्रोजन, बॅटरी, वारा अशी सगळी नावं ऐकू येतात आणि प्रत्येक जण आपलंच घोडं पुढे दामटतो. माझं मत स्पष्ट आहे. सगळ्या जहाजांना एकच इंधन मिळणार नाही. बोट किती लांब जाते आणि रोज त्याच जेट्टीला परत येते का, हे आधी विचारायला हवं. आणि हे विचारलं की लक्षात येतं की सगळ्यात सोपं काम आपल्या दारात आहे. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडले, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ. दहा-पंधरा मिनिटांची फेरी, रोज तीच जेट्टी, तोच मार्ग. तुम्हाला काय वाटतं?

नंदिनी_चिपळूण
छान धागा. एक बेसिक प्रश्न, जहाजाचा डेक एवढा मोठा असतो, समुद्रावर सावलीही नाही, मग सोलर पॅनल का लावत नाहीत? बाकी सगळं करण्यापेक्षा ते सोपं नाही का?

खाडीकाठ
नंदिनीताई, प्रश्न अगदी बरोबर आहे, आकडे मांडूनच बघू. मध्यम मोठं बल्क कॅरियर (कोळसा, धान्य असा सुटा माल नेणारं जहाज) घ्या, २०० मीटर लांब, ३२ मीटर रुंद. सगळाच्या सगळा डेक पॅनलने झाकला (हॅच, म्हणजे मालाच्या कोठारांची झाकणं, उघडायची असतात, क्रेन असतात, पण समजा झाकला) तर ६,४०० चौरस मीटर. एका चौरस मीटरला भर दुपारी २०० वॅट धरा, म्हणजे जवळपास १,३०० किलोवॅट. पण रात्र, ढग, तिरपं ऊन सगळं धरून दिवसाची सरासरी त्याच्या पाचव्या हिश्श्यावर येते, २५० किलोवॅट. जहाजाला समुद्रात चालायला ८,००० किलोवॅट लागतात. म्हणजे ३ टक्के. दिवे, पंप, पंखे यांना मदत होईल, प्रोपेलर फिरणार नाही.

बॅटरीचंही तेच. ८,००० किलोवॅट २४ तास म्हणजे १,९२,००० युनिट. एवढी वीज साठवायला आजच्या हिशेबाने दीड हजार टनांच्या आसपास बॅटरी लागेल, ती पण फक्त एका दिवसाच्या प्रवासाला. तेवढ्याच कामाला तेल लागतं ३३ टन. मुंबईहून युरोपला जायला पंधरा-वीस दिवस, मग माल कुठे ठेवणार?

छोट्या बोटीवर मात्र सोलर चालतं आणि ते आपल्याच देशात चाललंय. केरळात वैकमला 'आदित्य' नावाची सोलर फेरी जानेवारी २०१७ पासून धावते, ७५ प्रवासी, छपरावर २० किलोवॅटचे पॅनल. बोट हलकी, दोन तळांची, वेग बेताचा. या तीन गोष्टी जमवल्या म्हणून जमलं.

मालवणी_शीड
माका एकच विचारूचा हा. वाऱ्याचं काय झालं? आमच्याकडचे पडाव, मचवे, गलबतं शिडावरच मुंबईला माल नेत होती. मतलई वारा सुटला की पहाटे बाहेर पडायचं आणि दुपारचा वारा आला की किनारा धरायचा, हे म्हाताऱ्या तांडेलांना तोंडपाठ होतं. आजसुद्धा राजपुरीहून जंजिऱ्याला लोकांना शिडाच्या होडीने नेतात. फुकटचा वारा सोडून अमोनिया नि काय काय शोधतायत.

कप्तान_निवृत्त
मालवणी_शीड, तुमचा मुद्दा मला फार आवडला आणि आनंदाची गोष्ट ही की वारा परत येतोय. माझी सगळी नोकरी टँकर आणि बल्कवर गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

१९२४ साली जर्मनीत अँटोन फ्लेटनर नावाच्या इंजिनियरने 'बुकाऊ' जहाजावर कापडी शिडांच्या जागी दोन उंच गोल खांब उभे केले. मोटरने ते गरगर फिरवायचे. फिरत्या खांबावर आडवा वारा आला की एका बाजूने हवा जोरात जाते, दुसऱ्या बाजूने अडते, आणि दाबातल्या या फरकामुळे खांब वाऱ्याला काटकोनात ढकलला जातो. क्रिकेटमध्ये स्पिनरचा बॉल हवेत वळतो तोच नियम. १९२६ मध्ये त्याच जहाजाने अटलांटिक ओलांडला. पण तेव्हा तेल स्वस्त होतं, कोणी पुढे विचारलं नाही.

आता तेच खांब परत बसवतायत. 'मर्स्क पेलिकन' या टँकरवर २०१८ मध्ये ३० मीटर उंचीचे दोन रोटर बसवले आणि वर्षभर मोजमाप केलं तेव्हा ८.२ टक्के इंधन वाचलं. 'पिक्सिस ओशन' या बल्क कॅरियरवर २०२३ मध्ये विमानाच्या पंखासारखी ३७.५ मीटर उंच दोन टणक शिडं लावली, सहा महिन्यांच्या सरासरीत रोज ३ टन तेल वाचलं. डेकवर जागा रिकामी असलेल्या टँकर-बल्कला हे जमतं. कंटेनर जहाजावर खांब उभा करायला जागाच नसते, आणि बंदरात क्रेन असतील तर शिडं आडवी पाडता आली पाहिजेत, नाहीतर स्टीव्हडोर (माल चढवणारे-उतरवणारे) जवळ फिरकू देणार नाहीत.

अजून एक गोष्ट, जिला काहीच यंत्र लागत नाही. वेग कमी करा. प्रोपेलरला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग १० टक्के उतरवला की रोजचं तेल २७ टक्क्यांच्या आसपास कमी होतं, प्रवास लांबतो तो धरूनही १९ टक्के वाचतात. आम्ही ब्रिजवर हे बघितलंय. पण चार्टररला (जहाज भाड्याने घेणाऱ्याला) माल लवकर हवा असतो, म्हणून बंदराकडे पळत जायचं आणि तिथे जाऊन बाहेर नांगर टाकून दिवसचे दिवस थांबायचं. हे मला नोकरीत सगळ्यात जास्त खटकलं.

गुहागरकर_गॅस
मी गॅसच्या क्षेत्रात आहे म्हणून बोलतो. एलएनजीला सगळे नावं ठेवतात पण आज हातात असलेला, चालणारा पर्याय तोच आहे. अंजनवेलला आपल्या दारात टर्मिनल आहे. उणे १६२ अंशांवर द्रव गॅस, सल्फर जवळपास शून्य, काजळी नाही, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) २० टक्क्यांहून जास्त कमी. अमोनिया-हायड्रोजनची वाट बघत तेलच जाळत बसायचं का? आज जे आहे ते वापरा की.

खाडीकाठ
गुहागरकर, काजळी आणि सल्फरबद्दल पूर्ण सहमत. एलएनजीच्या जहाजावर इंजिन रूम किती स्वच्छ असते ते बघितलंय. माझी अडचण मिथेनची आहे. सिलिंडरमध्ये न जळलेला थोडा मिथेन एक्झॉस्टमधून तसाच वर जातो. २० वर्षांच्या हिशेबात मिथेन सीओटूच्या ८० पट तापवतो, म्हणजे दोन-तीन टक्के गळती झाली तरी वाचवलेलं सगळं गेलं. हे इंजिनावर अवलंबून आहे. मोठ्या टू स्ट्रोक इंजिनात जास्त दाबाने गॅस मारतात तिथे गळती अगदी कमी, कमी दाबाच्या फोर स्ट्रोकमध्ये जास्त. त्यामुळे 'एलएनजी चांगलं की वाईट' असं उत्तर देता येत नाही, कुठलं इंजिन ते विचारावं लागतं.

माझा कल मिथेनॉलकडे आहे. साध्या तापमानाला द्रव, टाकी थंड ठेवायला नको, सांडलं तर पाण्यात विरघळतं. स्वीडनची 'स्टेना जर्मानिका' फेरी २०१५ मध्येच मिथेनॉलवर आली, आणि २०२४ मध्ये १६ हजार कंटेनरचं 'आने मर्स्क' सेवेत आलं. तोटे पण सांगतो. तेवढ्याच ऊर्जेला टाकी जवळपास अडीच पट मोठी लागते. ज्योत दिवसा दिसत नाही, म्हणून आग लागली तर थर्मल कॅमेऱ्याशिवाय कळणं कठीण. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मिथेनॉल आलं कुठून? नैसर्गिक गॅस किंवा कोळशापासून केलेलं असेल तर तेलापेक्षा फायदा काही नाही. शेतातला कचरा किंवा सोलर-पवनच्या विजेपासून केलेलं हवं, आणि ते आज महाग आणि थोडं आहे.

रेवदंड्याची_सून
अमोनियाबद्दल कोणी सांगेल का? अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात अमोनिया होतो म्हणून आम्हाला तो शब्द ओळखीचा आहे, आणि गळतीची भीती पण ओळखीची आहे. तोच जहाजात जाळणार?

कप्तान_निवृत्त
हो ताई, तोच. त्यात कार्बनच नाही म्हणून सगळ्यांचा डोळा त्यावर. उणे ३३ अंशांना द्रव होतो, म्हणजे हायड्रोजनच्या उणे २५३ पेक्षा सांभाळायला खूप सोपा, आणि गॅस टँकर तो माल म्हणून कित्येक दशकं वाहतायत. जपानमध्ये २०२४ मध्ये 'साकिगाके' नावाचा टग (मोठी जहाजं ओढणारी छोटी बोट) अमोनियावर चालवला. पण तुमची भीती खरी आहे. हवेत थोडासा जरी मिसळला तरी डोळे-घसा जाळतो, आणि बंद इंजिन रूममध्ये गळती झाली तर जीव जातो. शिवाय नीट जळला नाही तर नायट्रस ऑक्साइड होतो, तो सीओटूपेक्षा २७० पट वाईट. माल म्हणून डेकखाली वाहणं वेगळं आणि जिथे मुलं रोज पाना घेऊन उभी असतात तिथे पाइपातून फिरवणं वेगळं. ज्या जहाजात प्रवासी आहेत तिथे अमोनिया नको, हे माझं ठाम मत.

उंडी_करंज
आपल्या कोकणातली उंडी कोणाला आठवते? किनाऱ्याला झाडं असतात, बी फोडली की आतल्या गरात निम्म्याहून जास्त तेल. आमच्याकडे दिव्याला आणि होड्यांच्या लाकडाला तेच लावायचे. त्याचं बायोडिझेल करता येतं. मोठ्या जहाजाला पुरणार नाही हे कळतं, पण गावच्या छोट्या बोटीच्या इंजिनात थोडं मिसळायला काय हरकत?

हर्णै_बंदर
वाचतोय सगळं. आमचं पण ऐका. ट्रॉलर घेऊन बाहेर गेलो की आठ-दहा दिवस, बर्फ, जाळी, खलाशी, आणि खर्चात सगळ्यात मोठा आकडा डिझेलचा. डिझेलचा परतावा सोसायटीमार्फत येतो तो वेळेवर आला तर नशीब. बॅटरी-सोलर आम्हाला जमणार नाही हे तुमच्या हिशेबावरूनच कळतंय. मग मच्छीमाराने काय करायचं?

खाडीकाठ
दादा, ट्रॉलरला आज बॅटरी नाही हे खरंच आहे आणि कोणी विकायला आलं तर घेऊ नका. पण तुमच्याकडे वाचवायला जागा भरपूर आहे. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, बोटी शाकारून ठेवता, तेव्हा तळ नीट खरवडून चांगला अँटिफाउलिंग रंग मारला तर सीझनभर फरक पडतो. तळाला शिंपलं आणि शेवाळ धरलं की तोच वेग ठेवायला इंजिन जास्त ओढतं. प्रोपेलर इंजिनाला जुळणारा आहे का ते तपासून घ्या, कित्येक बोटींवर यार्डात जो पडलेला असतो तोच बसवतात, आणि काळा धूर येत असेल तर बहुतेक वेळा प्रोपेलर जड होतोय. ट्रॉल ओढताना नोझल (भोवती गोल कडं) असलेला प्रोपेलर कमी तेलात जास्त ओढतो. आणि येताना कप्तान साहेबांनी सांगितलेलं वेगाचं गणित, ते तुमच्या बोटीला पण लागू आहे. लिलावाची वेळ गाठायची असते हे समजतं, पण ज्या दिवशी घाई नाही त्या दिवशी थ्रॉटल थोडा मागे घ्या.

किनाऱ्याजवळ दोन-तीन तासांत परत येणाऱ्या आउटबोर्डवाल्या होड्यांना मात्र इलेक्ट्रिक मोटर आजही चालेल.

तवसाळ_पलीकडे
मी रोज फेरीने जातो म्हणून मूळ मुद्द्यावर येतो. इलेक्ट्रिक फेरी म्हणता, पण वीज येते कोळशातून. धूर इथून उचलून चंद्रपूरला नेऊन सोडला एवढंच होणार ना? आणि आमच्याकडे पावसात तीन-तीन दिवस लाइट नसते. चार महिने फेरी बंद ठेवायची का?

खाडीकाठ
तवसाळभाऊ, याच प्रश्नाची वाट बघत होतो. आकडे धरलेले आहेत, पण पद्धत बघा.

समजा फेरीला चालताना सरासरी १५० किलोवॅट लागतात आणि फेरी दहा मिनिटांची. म्हणजे एका बाजूने जायला २५ युनिट. दिवसाला ३० वेळा गेली तर ७५० युनिट. डिझेल इंजिन फुल लोडवर चांगलं चालतं, पण फेरीबोट अर्धा वेळ गाड्या चढेपर्यंत जेट्टीला रॅम्प टेकवून इंजिन चालू ठेवून उभी असते, त्यामुळे एका लिटरला शाफ्टवर (प्रोपेलरच्या दांड्यावर) तीनच युनिट मिळतील असं धरतो. २५० लिटर झाले. लिटरला २.७ किलो सीओटू, म्हणजे दिवसाला ६७५ किलो.

विजेवर चार्जिंग-मोटरमधली घट धरून ८३० युनिट लागतील. आपल्या ग्रिडची वीज युनिटमागे साधारण ०.७२ किलो सीओटू सोडते, म्हणजे ६०० किलो. तुमचं बरोबर आहे, नुसतं ग्रिडवर टाकलं तर फरक दहा-बारा टक्केच. पण जेट्टीवरच्या पार्किंगच्या शेडवर ५० किलोवॅट सोलर टाकलं तर वर्षाच्या सरासरीने दिवसाला २०० युनिट तिथेच होतील, मग उत्सर्जन तिसऱ्या हिश्श्याने उतरतं. ग्रिडमध्ये सोलर-पवन वाढत जाईल तशी तीच फेरी काही न बदलता आणखी स्वच्छ होत जाईल, डिझेल इंजिनाचं तसं होत नाही. पैशांचं बघा, २५० लिटर नव्वदने साडेबावीस हजार, आणि ८३० युनिट बारा रुपयांनी दहा हजार. वाचलेल्या पैशातून बॅटरीचा हप्ता जायला हवा. खाडीत तेलाचा तवंग नाही, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडावर धूर नाही, हे वेगळंच.

आता लाइट जाण्याचं. नॉर्वेत २०१५ मध्ये 'अँपिअर' नावाची इलेक्ट्रिक कार फेरी सुरू झाली, १२० गाड्या, वीस मिनिटांची फेरी, दहा मिनिटांत चार्ज. तिथल्या गावांची लाइन पण एवढी वीज एकदम द्यायला कमकुवत होती. म्हणून दोन्ही जेट्ट्यांवर २६० युनिटच्या बॅटऱ्या बसवल्या. त्या लाइनवरून हळूहळू भरतात आणि फेरी लागली की भसकन देतात. आपल्याकडे यातच पावसाचं उत्तर आहे, शिवाय बोटीवर एक डिझेल जनरेटर ठेवायचा. कोचीची वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ पासून चालू आहे, त्या बोटी बॅटरी-हायब्रिडच आहेत आणि कोचीन शिपयार्डने बांधल्यात. केरळातही पाऊस भरपूर पडतो.

नंदिनी_चिपळूण
हे समजलं. बॅटरी किती वर्षं टिकते पण? फोनसारखी दोन-तीन वर्षांत बसली तर पैसे पाण्यात.

खाडीकाठ
कोचीला लिथियम टायटनेट वापरलीय. जड आणि महाग, पण पटकन चार्ज घेते आणि फोनच्या बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त वेळा भरता-रिकामी करता येते. दिवसातून तीस वेळा चार्ज करायची असेल तर हीच जात हवी.

डेक_कॅडेट_व्हायचंय
मी रत्नागिरीचा, बारावी झाली, मर्चंट नेव्हीत इंजिन साइडला जायचा विचार आहे. मी सेकंड इंजिनियर होईपर्यंत हे सगळं बदललेलं असेल तर आत्ता काय शिकू?

कप्तान_निवृत्त
बाळा, डिझेल इंजिन नीट शीक, कारण मिथेनॉल असो की अमोनिया, बहुतेक इंजिनं ड्युअल फ्युएल (दोन इंधनांवर चालणारी) आहेत आणि पेटवायला थोडं डिझेल लागतंच. त्यावर आयजीएफ कोडचे (गॅस आणि तसल्या इंधनांवरच्या जहाजांचे सुरक्षा नियम) कोर्स कर, आधी बेसिक, मग अॅडव्हान्स्ड. तो कोड १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. अॅडव्हान्स्डला अशा जहाजावर निदान एक महिना आणि तीन बंकरिंगचा (जहाजात इंधन भरण्याचा) अनुभव मागतात, म्हणून कंपनी निवडताना तिच्याकडे गॅस किंवा मिथेनॉलची जहाजं आहेत का ते विचार. आणि इलेक्ट्रिकल कच्चं ठेवू नको. कोर्सची फी भरण्याआधी संस्था डीजी शिपिंगच्या (केंद्र सरकारचं जहाज खातं) मान्य यादीत आहे का ते बघ, पैसे घेऊन पळणारे एजंट आपल्या जिल्ह्यात खूप आहेत.

तवसाळ_पलीकडे
खाडीकाठ, तुमचा हिशेब घेऊन काल जेट्टीवर ओळखीच्या वायरमनला भेटलो. जेट्टीजवळ १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे, त्यावरच वाडीची घरं आहेत. संध्याकाळी सात ते दहा तो भरलेला असतो, रात्री अकरानंतर जवळजवळ रिकामा. यात तुमची फेरी बसते का?

खाडीकाठ
वा, हाच आकडा हवा होता. फेरीला थेट चार्ज करायचं तर दहा मिनिटांत २५ युनिट, म्हणजे त्या वेळेला १५० किलोवॅट, ते यातून निघणार नाही. पण ८३० युनिट २४ तासांवर पसरवले तर ३५ किलोवॅट होतात. संध्याकाळचे तीन तास सोडून द्या, रात्री अकरा ते सहा ६० किलोवॅटने जेट्टीची बॅटरी भरली तर ४२० युनिट तिथेच झाले, निम्मं काम. उरलेलं दिवसा लाइन आणि शेडवरचं सोलर मिळून होतं. दोन्ही जेट्ट्यांवर ट्रान्सफॉर्मर असतील तर प्रत्येकावर भार आणखी निम्मा. म्हणजे नवीन लाइन न ओढता बसतंय.

आता इंजिनवर काम करणाऱ्या माणसाकडून एवढं मिळवा: दिवसाला डिझेल खरं किती लिटर, जेट्टीला उभी असताना इंजिन किती वेळ चालू असतं, आणि भरतीच्या ओढीत पार करायला किती मिनिटं जास्त लागतात. उधाणाच्या दिवसाचा आकडा वेगळा लिहून घ्या, बॅटरीचा आकार त्यावर ठरेल.

तवसाळ_पलीकडे
अमावास्येच्या उधाणाला थांबून घेतो आणि इथेच टाकतो. ग्रामसभेत मांडायचं तर मराठीत एक पानाचा कागद लागेल, तो कोण लिहील?

नंदिनी_चिपळूण
मी लिहिते. आकडे आले की कळवा.